चार आहेत ना, मग झालं

आमच्या ऑफिसात शिरलं की समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्यावर दिवसभर हिरवे ठिपके दिसायचे. ऑफिस आकुर्डीला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका टायरच्या दुकानाच्या वर. टायर बदलायला आलेली माणसं वेळ जात नाही म्हणून कधीकधी जिना चढून वर यायची, टीव्हीकडे बघायची आणि विचारायची, "काय, मॅच आहे का?"

मॅच नसायची. तो आमच्या चाचण्यांचा फलक होता. आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. प्रोग्रॅममध्ये कोणी काही बदल केला की कॉम्प्युटर आपणहून सगळ्या चाचण्या चालवायचा. जी चाचणी पास झाली तिचा ठिपका हिरवा, जी नापास झाली तिचा लाल. बाकी त्यात समजण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच साहेबांना तो फलक फार आवडायचा.

साहेब म्हणजे आमचे मालक. उमेदीची सगळी वर्षं एका मोठ्या कारखान्यात काढून, स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी ही कंपनी काढली होती. माणूस सज्जन. पगार वेळेवर, दसऱ्याला प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला स्वतःच्या हाताने हार घालायचे. पण कारखान्यात लाल दिवा लागला म्हणजे लाइन बंद पडली, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. फलकावर लाल ठिपका दिसला की ते खुर्चीतून उठायचे आणि विचारायचे, "कोणाचं आहे हे?" काय बिघडलंय, असं त्यांनी विचारलेलं मला आठवत नाही. कोणाचं आहे, एवढंच.

मी तिथे येण्याआधी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवत होते. तासिका तत्त्वावर म्हणजे तुम्ही शिक्षक असता, पण फक्त तास चालू असताना. त्याला कंटाळून मी टेस्टिंगमध्ये शिरले. माझ्याआधी चाचण्या लिहिण्याचं काम एकटा सांभाळणारा सहकारी नांदेडकडचा होता. निगडीला बायको आणि छोट्या मुलीबरोबर भाड्याने राहायचा. मी वयाने मोठी म्हणून पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायचा. कामाला चोख होता. त्याच्या सगळ्या चाचण्या हिरव्या असायच्या, आणि साहेब पाहुण्यांना फलक दाखवताना त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे.

पहिल्या आठवड्यात मी त्याच्या चाचण्या वाचत बसले आणि मला एक गोष्ट दिसली. सगळ्या चाचण्या एकच प्रश्न विचारत होत्या: किती?

उदाहरण सांगते. चाकणच्या बाजूला, कुरुळीत, आमचं एक गिऱ्हाईक होतं. तिथे मोटारींच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या बनायच्या. एका बॉक्समध्ये चार बिजागऱ्या भरायच्या: डावी वरची, डावी खालची, उजवी वरची, उजवी खालची. कोणत्या बॉक्समध्ये काय भरायचं याची यादी आमचं सॉफ्टवेअर तयार करायचं आणि तशी लेबलं छापायचं. या कामावरची चाचणी काय होती? यादी मागायची, यादीत किती वस्तू आहेत ते मोजायचं, चार भरल्या की हिरवा ठिपका. त्या चार वस्तू बिजागऱ्या आहेत की बटाटे, याची चौकशी कुठेच नव्हती.

मी त्याला विचारलं, "तू आत काय आहे ते का तपासत नाहीस?"

"तपासायचो ना ताई, सुरुवातीला," तो म्हणाला. "पण हे लोक पार्टचे नंबर सारखे बदलायलेत. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की टेस्ट लाल. लाल झाली की साहेब उठायलेत. मोजणीचं तसं नाही. चार होते, चार हायत, चारच राहतील."

"आणि चारही चुकीच्या असल्या तर?"

"चुकीच्या कशाला असतील?" त्याने इतक्या निर्मळपणे विचारलं की मलाच आपण शंकेखोर बाई आहोत असं वाटायला लागलं.

तरी मी साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, चार पाहिजेत?"

"हो."

"चार आहेत?"

"आहेत."

"मग झालं." आणि मला चहा पाजला.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग कुरुळीहून तक्रार आली की यादी यायला फार वेळ लागतो, लेबल निघेपर्यंत पॅकिंगची माणसं हात बांधून उभी राहतात. आमच्या प्रोग्रॅमरने दोन दिवस बसून यादी बनवण्याचा भाग नव्याने लिहिला. यादी पटकन येऊ लागली. या घाईत एक लहानसा घोटाळा झाला: यादीत पहिली वस्तू घातल्यावर प्रोग्रॅम पुढच्या वस्तूकडे सरकतच नव्हता, तीच वस्तू परत परत घालत होता. डावी वरची, डावी वरची, डावी वरची, डावी वरची. मोजल्या तर बरोबर चार.

चाचण्या चालल्या. टीव्ही हिरवागार. साहेबांनी खालून वडापाव मागवले आणि वेग वाढवल्याबद्दल प्रोग्रॅमरचं कौतुक केलं. शुक्रवारी आम्ही ते कुरुळीच्या कारखान्यात चढवलं.

सोमवारी सकाळी मी पर्स टेबलावर ठेवत होते तेवढ्यात फोन वाजला. कुरुळीच्या कारखान्याचे डिस्पॅच-प्रमुख होते. कधी आवाज न चढवणारा माणूस, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना जास्त भीती वाटायची.

"मॅडम, एक विचारायचं होतं. गाडीला बाजू किती असतात?"

"दोन," मी म्हणाले.

"तुमच्या सॉफ्टवेअरला हे कळवलंय का कोणी?"

झालं होतं असं: शनिवारी भरलेला ट्रक गाड्या बनवणाऱ्या कंपनीत पोचला. तिथल्या माणसाने बॉक्स उघडला, तर चारही बिजागऱ्या डाव्या वरच्या. दुसरा उघडला, तेच. तिसरा, तेच. अख्खा ट्रक डाव्या वरच्या बिजागऱ्यांचा होता. दरवाजे लावायची लाइन थांबली. उरलेल्या बिजागऱ्या टेंपोत घालून धावपळ करत पोचवेपर्यंत कोणी कोणाला काय काय बोललं, ते डिस्पॅच-प्रमुखांनी मला सभ्य शब्दांत ऐकवलं.

मी साहेबांना सांगितलं. ते उठून टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. "पण हिरवं आहे," ते म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की टीव्हीशी, मला कळलं नाही.

माझ्या सहकाऱ्याने चाचणी पुन्हा चालवली. पास. पुन्हा चालवली. पास. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "टेस्ट बरोबर हाय. चारच हायत."

प्रोग्रॅम दुपारपर्यंत दुरुस्त झाला. एका ओळीची चूक होती. विश्वास मात्र तेवढ्यात दुरुस्त होण्यासारखा नव्हता. डिस्पॅच-प्रमुखांनी अट घातली: आमची खात्री पटेपर्यंत तुमचं एक माणूस आमच्या पॅकिंग टेबलाशी बसेल आणि बॉक्स उघडून बघेल. कोणाला पाठवायचं याचा साहेबांना फार विचार करावा लागला नाही.

"मॅडम, तुम्ही जा," ते म्हणाले. "तुम्हाला नाहीतरी आत काय आहे ते बघायची आवड आहे."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरोखर माझी आवड लक्षात ठेवून बोलत होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणी खात्यात आहे. दिवसभर हातात गेज घेऊन पार्टची मापं बघतो. मी आपोआप चालणाऱ्या चाचण्यांच्या क्षेत्रात गेले तेव्हा त्याला माझा जरा हेवा वाटला होता. आता तो जेवता जेवता थांबला.

"म्हणजे तू आता माझ्या लाइनीत आलीस."

"तात्पुरती."

"मीही तात्पुरताच लागलो होतो," तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "मोजे जाड घाल. नवीन सेफ्टी शूज चावतात."

एवढा उपयोगी सल्ला मला त्या प्रकरणात दुसऱ्या कोणीच दिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी भोसरीला बस बदलून कुरुळीला जायला लागले. मोशीपुढे इंद्रायणीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंनी कंटेनर, आणि मध्ये आमची बस, तीही बहुतेक वेळ उभीच. फाट्यावर उतरून आत चालत जायचं. गेटवर माझा लॅपटॉप जप्त व्हायचा बाकी राहायचा, रोज नवा सिक्युरिटीवाला, रोज तोच प्रश्न: "मॅडम, सॉफ्टवेअरच्या आहात तर पॅकिंगला कशाला?"

पॅकिंगचं टेबल एका मावशींच्या ताब्यात होतं. त्या कुरुळीच्याच. सासर कुरुळीचं, माहेर पलीकडच्या गावचं. कपाळावर ठसठशीत कुंकू, नऊवारीवर कंपनीचा निळा कोट, आणि कोटाच्या खिशात तपकिरीची डबी, जी आत आणायला बंदी होती. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"चार डाव्या पाठवल्या त्या तुमीच का?"

"मी नाही पाठवल्या. पाठवायला सांगणारं सॉफ्टवेअर आमचं होतं."

"म्हंजी तुमीच," त्या म्हणाल्या आणि मला बसायला स्टूल दिलं.

दोन दिवसांनी, जरा ओळख झाल्यावर, मनात घोळत असलेला प्रश्न मी विचारला. "मावशी, तुम्ही तर इतकी वर्षं बिजागऱ्या भरताय. त्या दिवशी चारही डाव्या निघाल्या तेव्हा काही वाटलं नाही?"

"वाटलं की."

"मग?"

"मला वाटलं, नवीन मॉडेल आसंल. आता ह्या बॅटरीवरच्या गाड्या निघाल्यात. पेट्रोल लागत न्हाई, गेर न्हाई, आवाज न्हाई. म्हणलं आता एकाच अंगाला दारं करत आसतील. काय सांगावं."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या. पण नंतर माझ्या लक्षात आलं की मावशींचा तर्क आमच्या चाचणीपेक्षा बराच वरचा होता. त्यांनी निदान कारण शोधलं होतं.

बॉक्स उघडायचं काम सुरू झालं आणि माझा पहिला पोपट झाला. इतके दिवस मी ऑफिसात ठासून सांगत होते की आत काय आहे ते बघा. आता आत बघितलं, तर डावी कोणती आणि उजवी कोणती हे मला कळेना. चारही सारख्याच काळ्या, सारख्याच जड. पालथी केली की डावी उजवीसारखी दिसायची. पट्टीवर बारीक अक्षर ठोकलेलं असायचं, तेवढाच आधार.

"तुम्ही कशी ओळखता?" मी मावशींना विचारलं.

"आमी बी आक्षरच वाचतो. त्येल लागलं की त्ये बी दिसत न्हाई."

मग आम्ही दोघी फडक्याने तेल पुसून अक्षरं वाचायला लागलो. त्या मोठ्याने वाचायच्या, मी बघायचे, दुपारनंतर उलट. माझ्या हातांना तो काळा वास असा लागला की घरी कणीक मळायला नवरा पुढे व्हायचा. त्याच्या हाताला तोच वास जुना होता, त्यामुळे त्याला तो येत नव्हता.

एका जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये लॅपटॉप उघडून मी नवी चाचणी लिहिली. साधीच होती. यादीत चार वस्तू आहेत का, हे विचारायचंच. पण त्याच्यापुढे विचारायचं, त्यात डावी वरची एक आहे का, डावी खालची एक आहे का, आणि तसंच उजव्यांचं. नेमक्या याच, आणि प्रत्येक एकदाच. मी ती सहकाऱ्याला पाठवली आणि सांगितलं की आधी जुन्या, बिघडलेल्या प्रोग्रॅमवर चालवून बघ. तिथे जर ती नापास झाली, तरच ती कामाची.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "ताई, लाल झाली." त्याच्या आवाजात मुलगी पास झाल्यासारखा आनंद होता. पाठीमागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग साहेबांचा: "कोणाचं आहे हे?"

दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅमवर ती चाचणी हिरवी झाली. आम्हाला वाटलं, मार्गी लागलं. पण पुढच्याच आठवड्यात कुरुळीवाल्यांनी पार्टचे नंबर बदलले आणि चाचणी लाल झाली. चाचणीत नवे नंबर घातले, हिरवी झाली. परत बदलले, परत लाल. दर वेळी साहेब उठायचे. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. फलकामागे 'माहितीसाठी' नावाचं वेगळं पान करून घेतलं आणि माझी चाचणी तिथे हलवली. तिथले ठिपके लाल नाहीत, हिरवे नाहीत. करडे. नापास झाली तर करडा जरा गडद व्हायचा.

आणि झालेल्या प्रकारातून धडा घ्यायचा म्हणून त्यांनी असं ठरवलं की चाचण्यांची संख्या दुप्पट करायची. सहकाऱ्याला मुदत दिली. तो बिचारा काय करणार? त्याने 'यादीत चार आहेत का' या चाचणीशेजारी 'यादीत तीन नाहीत ना' अशी एक लिहिली, तिच्याशेजारी 'यादीत पाच नाहीत ना', आणि मग 'यादी रिकामी नाही ना'. सगळ्या हिरव्या. टीव्हीवर ठिपके मावेनात म्हणून ते बारीक केले.

"तुला काही वाटत नाही का?" मी फोनवर विचारलं.

"वाटायलंय ना ताई," तो म्हणाला. "पण साहेबांनी मोजून मागितल्यात."

इकडे कुरुळीत माझं बस्तान बसत चाललं होतं. एकही चुकीचा बॉक्स सापडला नाही, तेव्हा डिस्पॅच-प्रमुख जरा सैल झाले आणि म्हणाले की आता प्रत्येक बॉक्स नको, मधूनमधून उघडा. मला वाटलं, आता परत जायला मिळेल. पण साहेबांनी या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली होती. ज्या कामाला मला शिक्षेसारखं धाडलं, तेच त्यांनी कंपनीच्या माहितीपत्रकात घातलं: 'दुहेरी पडताळणी: आधी यंत्राची, मग माणसाची'. यातलं यंत्र म्हणजे तो टीव्ही, आणि माणूस म्हणजे मी.

तळवड्याच्या बाजूच्या एका कंपनीला हे फार आवडलं. त्यांचे दोन अधिकारी प्रत्यक्ष बघायला येणार असं ठरलं. त्या दिवशी साहेब स्वतः त्यांना घेऊन कुरुळीला आले. मी टोपी आणि सेफ्टी शूज घालून टेबलापाशी उभी. मावशींनी तपकिरीची डबी कोटातून काढून कुठेतरी गुप्त केली होती. साहेबांनी लॅपटॉप उघडून आधी फलक दाखवला. हिरव्याचा नुसता गालिचा. मग माझ्याकडे हात केला.

"आणि या आमच्या मॅडम."

पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "रोज साधारण किती बॉक्स उघडता?"

मी आकडा सांगितला. दोघांनी तो लिहून घेतला. त्यात काय सापडतं, असं ते विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी वह्या मिटल्या.

हे चालू असताना शेजारच्या टेबलावर नव्या मॉडेलच्या बिजागऱ्या भरून होत आल्या होत्या. त्या मॉडेलसाठीचा प्रोग्रॅम सकाळीच चढवला होता. एरवी मी तिकडे जाऊन एकदोन बॉक्स उघडले असते, पण मी दाखवण्यासाठी उभी होते, त्यामुळे बघायला मोकळी नव्हते. माल चढवायच्या डॉकला ट्रक लागला होता.

माझ्या खिशातला फोन थरथरला. दोनदा मी कॉल कट केला. तिसऱ्यांदा मी बाजूला जाऊन घेतला.

"ताई," सहकारी म्हणाला, "ते करडं पान हाय ना. जरा गडद दिसायलंय."

"तू ते बघतोस?"

"सकाळचा चहा घेताना एकदा उघडतो. आज चहा उशिरा झाला. नवीन मॉडेलची यादी हाय. उजवी खालची नाहीच तिच्यात. डावी खालची दोनदा आलीय."

"आणि एकूण?"

"चार," तो म्हणाला.

मी साहेबांजवळ जाऊन हळूच सांगितलं. त्यांनी हसरा चेहरा तसाच ठेवून लॅपटॉपकडे बघितलं. "हिरवं आहे की," ते ओठ न हलवता म्हणाले.

"हिरवं आहे साहेब, पण चूक आहे. एक बॉक्स उघडून बघते."

पाहुण्यांच्या देखत नको, असं त्यांच्या मनात असावं. पण ते बोलायच्या आत मावशी निघाल्या होत्या. आमचं कुजबुजणं त्यांनी ऐकलं होतं. डॉकच्या तोंडाशी जाऊन त्यांनी ड्रायव्हरला हाक दिली, "थांब रं, दार लावू नगंस. परत त्येच झालंय." मग वरच्या थरातला एक बॉक्स उचलून आणून त्यांनी माझ्यापुढे टेबलावर ठेवला. मी टेप फाडली. फडक्याने तेल पुसलं. डावी वरची. उजवी वरची. डावी खालची. चौथीवरचं अक्षर वाचायला मला जरा वेळ लागला, कारण सगळे माझ्या खांद्यावरून बघत होते. डावी खालची.

डिस्पॅच-प्रमुखही केबिनमधून बाहेर आले होते. माझ्या मनात आलं, संपलं, हे गिऱ्हाईकही गेलं आणि ते येणारंही गेलं. साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. रुमाल घडी करून परत ठेवला. मग पाहुण्यांकडे वळले.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "यालाच आम्ही दुहेरी पडताळणी म्हणतो."

दोन्ही पाहुणे खूश झाले. एकाने माझा हात हातात घेऊन हलवला आणि त्याच्या तळव्याला काळं लागलं. ते काम आम्हाला मिळालं.

ट्रक रिकामा करून बॉक्स पुन्हा भरण्यात आमची संध्याकाळ गेली. टेप फाडायची, एक काढायची, एक घालायची, टेप लावायची. डिस्पॅच-प्रमुखांनी कोट काढून स्वतः टेप लावायला घेतली. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला चहा कसा लागतो, साखर किती, असं विचारलं.

नंतरचं थोडक्यात सांगते. माझी चाचणी करड्या पानावरून मुख्य फलकावर आली. साहेबांनी मला बोलावून तिची तारीफ केली, आणि अशा अजून किती होतील, महिनाअखेरपर्यंत आकडा देता येईल का, असं विचारलं. सहकाऱ्याला हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी त्याला एवढंच विचारलं की आजवर किती चाचण्या लिहिल्यास. त्याने खरा आकडा सांगितला, 'तीन नाहीत ना' आणि 'पाच नाहीत ना' धरून. त्यांच्यावर चांगली छाप पडली. जाताना तो सगळ्यांसाठी बाकरवडी घेऊन आला, आणि मला म्हणाला की करडं पान उघडायची सवय मात्र तिथे जाऊनही सुटणार नाही, पण तिथे तसं पानच नसलं तर काय करायचं, ही काळजी आहे.

कुरुळीतला माझा मुक्काम संपला त्या दिवशी मावशींनी लवकर सुट्टी घेतली होती. पुतणीचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना पिंपरीच्या बाजारात जाऊन आहेराची लुगडी बघायची होती. आम्ही एकाच बसला चढलो. खिडकीची जागा त्यांनी मला दिली आणि मी ती त्यांना परत दिली. गाडी मोशीच्या अलीकडे नेहमीच्या जागी अडकली. बाहेर दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती, त्यावर कंपन्यांच्या पाट्या.

"हितं आमचं हरभऱ्याचं रान व्हतं," त्या एका भिंतीकडे बघत म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "न्हाई, त्ये कुरुळीच्या अंगाला. ह्ये दुसऱ्या कुणाचं." मग त्यांनी नवरामुलगा काय करतो, त्याची आई कशी तोंडाळ आहे, हळदीला किती जेवणावळी उठायच्या, हे सगळं सांगितलं. लग्नाला यायचंच, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. बोलता बोलता त्यांना झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर आलं. त्यांच्या हातातली पिशवी घसरायला लागली तेव्हा मी ती माझ्या मांडीवर घेतली आणि भोसरी येईपर्यंत तशीच बसून राहिले.